पहाटबाईचं दुपारचं पाणी

"डबा सावलीत धर गं. उन्हाला काय पाहुणचार द्यायचाय का?"

आत्याचं ऐकून भाचीनं डबा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला आणि स्वतःच्या सावलीत धरला. अर्धी वाट सरली होती. ओहोटीनं उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवरून दोघी मघापासून चालत होत्या. मागे आत्याचं गाव टेकडीआड गेलं होतं आणि पुढे तिच्या दिराचं गाव अजून नजरेत येत नव्हतं. खाडीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता. गाडीनं जायचं तर डोंगराला वळसा घालून अख्खा दिवस मोडायचा, शिवाय डबा हिंदकळायचा तो निराळाच. ओहोटी गाठून, खाडीचं तोंड उतरून किनाऱ्यानं पायी निघालं तर मात्र दुपारपर्यंत पोचता येतं. म्हणून आत्यानं चपला पिशवीत टाकल्या होत्या, देवाचं नाव घेतलं होतं आणि चालायला लागली होती. भाची सुट्टीला आलेली. शाळेत शिकवते, मासिकांत अधूनमधून लिहिते, आणि मुख्य म्हणजे हात तिचे रिकामे होते.

डबा तसा लहानच होता. आत खाली बर्फाची पिशवी, तिच्यावर कागदाची जाड घडी, आणि त्यावर ओल्या फडक्यात बांधलेला लिंबाएवढा तपकिरी गोळा. त्या गोळ्यात कालवांची पिल्लं होती. शेकड्यांनी नव्हे, लाखांनी.

"आत्या, खरंच जिवंत आहेत ही?"

"तुझ्या वर्गात मुलं किती?"

"पन्नास."

"आणि गलका किती? इथं लाखो आहेत, कुणी हूं की चूं करत नाही. मास्तरीण व्हायचं तर असल्यांची व्हावं."

आत्या हसली, पण तिची नजर डब्यावरून हलली नाही. हा गोळा दिराच्या टाकीत सुखरूप पडला आणि पिल्लांनी शिंपल्यांना धरलं, तर पिल्लं वाढवून विकायचं तिचं बीजकेंद्र चालू राहणार होतं. नाहीतर दीर कालवं टांगायचे बांबूचे तराफे पाण्यातून काढून टाकणार होता. तसं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. "वहिनी, या खेपेचं बी लागलं नाही तर मी कालवांना हात जोडतो. तुम्हालाही जोडतो." दिरानं सोडलं की किनाऱ्यावरचे बाकीचेही सोडणार, हे न कळण्याइतकी आत्या भोळी नव्हती. घेणाराच उरला नाही तर बी करायचं कुणासाठी?

ती या धंद्यात आली तेव्हा तिनं समुद्र फक्त चित्रात पाहिलेला होता. बाप शिंपी, घर कापडाच्या गल्लीत. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूनं तिला शेडमध्ये नेलं आणि भिंगाखाली एक थेंब ठेवून म्हणाली, "बघ." आत्यानं डोळा लावला. काचेच्या कणांसारखं काहीतरी गरगर फिरत होतं. "हे काय?" सासू म्हणाली, "हीच आता तुझी भावंडं, पोरं, जे म्हणशील ते. रोज यांना खायला घालायचं, यांची टाकी घासायची आणि यांच्यासमोर खोटं बोलायचं नाही." शेवटचं का, ते आत्याला पुढे कळलं. टाकी नीट घासलेली नसताना घासली म्हटलं, तर माणूस फसतं, पिल्लू फसत नाही. ते मरून मोकळं होतं.

शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन आणि ओळीनं उभ्या मोठ्या गोल टाक्या. एका बाजूला फळीवर काचेच्या बाटल्या, त्यांत हिरवंगार पाणी. तो पिल्लांचा खाऊ. तो वाढवायचं काम आत्याच्या यजमानांचं. माणूस इतका अबोल की बाटल्यांना तरी त्याचा आवाज माहीत असेल का, अशी आत्याला शंका. मोठी कालवं कोमट पाण्यात ठेवायची, त्यांनी अंडी सोडली की ती टाकीत घ्यायची, आणि मग दोन-तीन आठवडे त्या टाकीपुढे दुसरं काही सुचू द्यायचं नाही. पिल्लू वाढतं, त्याला काळा ठिपक्यासारखा डोळा येतो, एक इवलासा पाय फुटतो. पाय फुटला म्हणजे ते घर शोधायला निघालं. मग त्याला फडक्यात बांधून सासरी पाठवायचं. 'सासरी' हा आत्याचाच शब्द. तिथं टाकीत जुने रिकामे शिंपले टाकलेले असतात. त्यांतला एक धरून ते कायमचं बसतं आणि तराफ्याला टांगलं की कालव होतं.

सासूनं सगळं शिकवलं आणि एक गोष्ट पक्की बजावली: टाकी भरायची ती पहाटे. होड्या सुटलेल्या नसतात, तळ ढवळलेला नसतो, पाणी थंड आणि नितळ असतं. सासू गेली, आत्यानं तिची पहाट सोडली नाही. पाऊस असो, ताप असो, थंडी असो, उजाडायच्या आत पंप सुरू. दिरानं तिचं नावच पाडलं, पहाटबाई. आधी चेष्टेनं, मग किनाऱ्यावर सगळ्यांनी ते उचललं. आत्याला ते आवडायचंही. देवाच्या आणि समुद्राच्या कामाला एकच वेळ, असं तिच्या मनानं घेतलं होतं. पंप सुरू करून ती पाण्याकडे तोंड करून हात जोडायची, मग चहा टाकायची.

आणि मग पिल्लं मरायला लागली.

जन्मली की दुसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी गाळ. भिंगाखाली बघावं तर गाळ नव्हे, तीच. अर्धवट, वाकडी, काहींना कवचच नाही. आत्यानं टाक्या घासल्या. मग परत घासल्या. फडकी उकळली, नळ्या बदलल्या, स्वतःचा साबण बदलला. यजमानांच्या हिरव्या बाटल्यांवर संशय घेतला. त्यावर ते बिचारे एका जागी बसून नुसते बघत राहिले आणि संध्याकाळी म्हणाले, "पहिल्या दिवशी ती काही खातच नाहीत." हे खरंच होतं. एवढं लांबलचक वाक्य त्यांनी कैक महिन्यांत उच्चारलं नव्हतं, म्हणून आत्यानं ते मानलं.

एकदा ऐन पहाटे पंप जळाला. दुरुस्तीवाला आला तो जेवून, रमतगमत. पंप चालू होईपर्यंत दुपार कलली होती. आत्या दिवसभर घुमसत होती. पहाट चुकली होती, आता काय व्हायचं ते होणार. पण अंडी तयार होती, थांबता येत नव्हतं. तिनं दुपारचंच पाणी भरलं आणि देवाची माफी मागितली. ती खेप जगली. सगळीच्या सगळी.

आता इथं कुणालाही वाटेल, आत्याला उमगलं. छे. आत्यानं सगळं श्रेय पंपाच्या नव्या रबराला दिलं. दुरुस्तीवाल्याला मुद्दाम बोलावून चहा पाजला, त्याच्या हाताला यश आहे म्हणून चारचौघांत सांगितलं. पुढची खेप नव्या पंपानं, पण पहाटे भरली. ती मेली. मग तिनं त्याच दुरुस्तीवाल्याला फोन करून झापलं. "काय बाई," तो म्हणाला, "मागच्या महिन्यात मी देव होतो."

हा किस्सा भाचीनं आधी ऐकला होता, तरी वाळूवर चालता चालता परत ऐकून तिला हसू आवरेना.

"हस. मी नाही हसले तेव्हा," आत्या म्हणाली. "तुला सांगते, डोळ्यापुढे दिसतं ते दिसायलाही डोळा लागतो. मी पहाट सोडून सगळं तपासलं. पहाटेवर कसा संशय घेणार? ती सासूबाईंची."

शेवटी पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. सरकारी कचेरीतल्या, वयानं भाचीएवढ्या, बुटांत वाळू गेली की उभ्या उभ्या झटकणाऱ्या. त्यांनी पहाटेच्या पाण्यात मोजायची कांडी बुडवली, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "दुपारचंही द्या." दुपारचा आकडा वेगळा आला. मग त्या शेडच्या पायरीवर बसल्या आणि शांतपणे समजावून सांगितलं. कारखान्यांचा, गाड्यांचा धूर हवेत जातो आणि त्यातला मोठा वाटा समुद्र पिऊन टाकतो. पिता पिता पाणी थोडं थोडं आंबटतं. जिभेला कळेल असं नव्हे, पिल्लाला कळेल असं. त्यात रात्री ऊन नसतं, पाण्यातलं शेवाळ आणि बारीक हिरवळ कामाला लागत नाही, पण श्वास मात्र सगळेच सोडत असतात. म्हणून पहाटे आंबटपणा सगळ्यात जास्त. दिवसभर ऊन पडलं की हिरवळ तो खाऊन टाकते. दुपारी पाणी त्यातल्या त्यात गोडावतं.

"म्हणजे कवच विरघळतं का हो त्यांचं?" आत्यानं विचारलं होतं.

"एवढं सोपं नाही," बाई म्हणाल्या. "पिल्लाला पहिल्या एक-दोन दिवसांत पहिलं कवच बांधायचं असतं, तेही अंड्यातून आणलेल्या शिदोरीवर. पाणी आंबट असलं की कवचाचा माल सहज हाती लागत नाही. सगळी ताकद त्यातच जाते. घर पुरं व्हायच्या आत शिदोरी संपते. पुढे शिंपल्याला धरतानाही पुन्हा तसंच नवं कवच बांधावं लागतं."

आत्या त्या रात्री जेवली नाही. बाईंवर राग नव्हता, स्वतःवरही फारसा नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे ती पिल्लं येत होती. घर बांधायला निघालेली, विटा शोधत फिरणारी, भुकेनं वाटेतच बसलेली. दुसऱ्या दिवशी तिनं पहाटे उठून सवयीनं हात जोडले, पंपाकडे पाहिलं आणि परत आत जाऊन झोपली. यजमान दचकून उठून बसले. त्यांना वाटलं, हिला काहीतरी झालं.

त्या दुपारी भरलेल्या पाण्यातली पिल्लं आता भाचीच्या हातातल्या डब्यात होती.

"आणि तिकडे काकांनी टाकी भरून ठेवली असेल ना?" भाचीनं सहज विचारलं.

आत्या थबकली. वाळूत तिचे पाय थोडे रुतले. "टाकी तयार ठेवा," असा निरोप तिनंच दिला होता. कधी भरा, हे सांगितलं नव्हतं. दुपारच्या पाण्याबद्दल तिनं घराबाहेर अवाक्षर काढलं नव्हतं. सासूबाईंची रीत मोडली, हे त्यांच्याच मुलाला फोनवर कसं सांगायचं, म्हणून राहून गेलं होतं. आणि तो मुलगा कसा, तर आईनं आखलेल्या रेषेवरून तसूभर न हलणारा.

"भरली असेल," ती म्हणाली. "पहाटे भरली असेल. चल, पाय उचल."

फोन लावून पाहिला, कुणी उचलला नाही. दीर तराफ्यावर गेला की फोन घरात खुंटीला असतो. दोघी मग झपाझप चालल्या.

पोचल्या तेव्हा दीर अंगणात टाकीपाशी उभा होता. खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर वरपित्याचा तोरा.

"या, पहाटबाई. बघा, उजाडायच्या आत भरली. आई असती तर पाठ थोपटली असती. शिंपलेसुद्धा दोनदा धुतलेत."

टाकी काठोकाठ भरलेली, तळाशी शिंपल्यांची जाळीदार पोती नीट रचलेली. पाणी इतकं नितळ की पोत्यांची गाठ न् गाठ दिसत होती. आत्यानं पिशवीतून कांडी काढली. बाईंनी तिला ती वापरायला दिली होती. आकडा जितका खाली, तितकं पाणी आंबट. तिनं ती बुडवली, थांबली, वाचली.

"भाऊजी, टाकी सोडा. रिकामी करा."

दिराला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"हे पाणी नको. भरती चढतेय, दुपारचं घेऊ."

"दुपारचं?" तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यात अडकलं. "वहिनी, होड्या फिरून गेल्यात, तळ ढवळलाय. आईनं जन्मभर जे केलं—"

"मीही केलं. तुमच्याहून जास्त केलं. माझ्या तीन खेपा त्या पहाटेनं खाल्ल्या."

"म्हणजे आई चुकली?"

भाची डबा उराशी धरून उभी होती. आत्यानं घाई केली नाही. पाय दुखत होते म्हणून ती टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि दिराकडे बघत म्हणाली, "सासूबाई चुकल्या नाहीत. त्यांच्या वेळी पहाटेचं पाणी चांगलंच होतं. आता ते तसं राहिलेलं नाही. समुद्र बदलला, मग मी बदलायला नको? त्या आज असत्या तर त्यांनी पहिल्या खेपेलाच माझ्या आधी ओळखलं असतं. मला इतका वेळ लागला, कारण मी पाण्याकडं बघायचं सोडून त्यांच्या शब्दाकडं बघत बसले."

"आणि नाही लागलं दुपारच्या पाण्यात, तर?"

"तर तराफे काढा. मी स्वतः दोऱ्या सोडायला येते. पण या पाण्यात मी पिल्लं टाकणार नाही. डबा घेऊन आल्या वाटेनं परत जाईन, भरती आली तरी."

दिरानं तिच्याकडे पाहिलं. मग टाकीकडे. मग टॉवेल खांद्यावरून काढून कट्ट्यावर आपटला आणि खाली वाकून बूच उपसलं. पहाटेचं नितळ पाणी भसाभसा वाहून जाताना त्यानं तोंड फिरवलं.

टाकी रिकामी व्हायला वेळ लागला, भरायला त्याहून जास्त. पाणी गाळणीतून घेतलं, तरी गढूळसर. दीर दर दोन मिनिटांनी आत डोकावायचा आणि जीभ टाळ्याला लावून च्यक करायचा. आत्यानं तीन वेळा कांडी बुडवली. तिसऱ्यांदा तिचा चेहरा सैल झाला. तिनं डबा उघडला, फडकं सोडलं, गोळा आधी बादलीभर पाण्यात हलक्या हातानं विरघळू दिला. पाणी चहाच्या रंगाचं झालं. एक थेंब तिनं भिंगाखाली धरला आणि दिराला बोलावलं.

तो नाइलाजानं वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"पाय काढतायत," तो म्हणाला.

"मग काय तर. एवढं चालून आलीत," आत्या म्हणाली. "डब्यात बसून."

बादली टाकीत रिकामी झाली. आत्यानं पाण्याला हात जोडले, पहाटे जोडायची तसेच.

दोघी तिथंच राहिल्या. दिराच्या बायकोनं गरम पाण्यात पाय शेकायला लावले. दीर मात्र झोपायलासुद्धा अंगणातून हलेना. पुढल्या दिवशी जमिनीवरून वारा सुटला. आत्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. असा वारा वरचं पाणी लोटून देतो आणि खालचं थंड, आंबट पाणी वर काढतो, हे बाईंनी सांगितलेलं. दुपारी टाकीतलं थोडं पाणी बदलायचं होतं. कांडी बुडवली तर आकडा खालीच, पहाटेपेक्षाही खाली. "म्हणजे आता दुपारही गेली का?" दीर वैतागला. आत्यानं नवं पाणी घेतलंच नाही. आहे त्यातच आंबटपणा मारायला मापानं सोडा विरघळवून टाकला, बाईंनी शिकवला होता तसा, आणि वारा पडायची वाट पाहिली.

मग एका सकाळी दिरानं पोत्यातून एक शिंपला काढला आणि उन्हात तिरका धरला. आतल्या पांढऱ्या भागावर मिरीच्या भुकटीसारखे तपकिरी कण चिकटले होते. त्यानं नखानं एक टोकरून पाहिला. निघेना. दुसरा शिंपला काढला, तिसरा काढला. सगळ्यांवर होते. तराफ्याच्या नव्या दोऱ्या आणायला म्हणून आत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही. आत्यानं डोळे टिपले आणि म्हणाली, "चहा टाका कुणीतरी."

चहा पिताना दीर रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन आला. आता तो भलताच पेटला होता. टाकीमागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं, पुढच्या पिढीलाही दिसलं पाहिजे. "टाकी दुपारीच भरावी. यापुढं माझ्या घरात दुपार म्हणजे दुपार. पहाटेचं नाव काढायचं नाही." त्यानं कुंचला भाचीपुढं धरला. "तुझं अक्षर चांगलं. काढ."

आत्यानं कपबशी खाली ठेवली. हा माणूस अगदी तिच्यासारखाच होता. हातातली एक रेष सुटली की लगेच दुसरी घट्ट धरणारा.

"परवा वारा सुटला तेव्हा दुपारी काय झालं, भाऊजी?"

दिरानं हातातला रंगाचा डबा कट्ट्यावर ठेवला.

आत्या भाचीकडं वळली. भाचीनं कुंचला रंगात बुडवला होता आणि ती भिंतीपाशी थांबली होती.

"तू लिही," आत्या म्हणाली, "इथंही लिही आणि आपल्या शेडमध्येही लिहून दे, मोठ्या अक्षरात, लांबून वाचता येईल असं. पण एक कर. त्यात वेळ लिहू नकोस. दुपार नको, सकाळ नको, माझं नावही नको. भरण्याआधी पाणी मोजा, एवढंच लिही."